दिवाणजी पोलोन्नरुवात

कुठल्याही सहलीत गाणी म्हणणारा, वाट चुकवणारा, गाडी लागणारा आणि पैसे सांभाळणारा ही माणसं नेमावी लागत नाहीत, ती आपोआप उगवतात. पहिल्या तिघांवाचून सहल अडत नाही. चौथा नसला तर ती पहिल्याच चहाला मोडते. सगळ्यांचे कप रिकामे झाले की टपरीपाशी एक अवघडलेली शांतता पसरते. कुणाला बुटाची नाडी बांधायची असते, कुणाला घरचा फोन आलेला असतो, कुणी आयुष्यात पहिल्यांदाच झाडावरचा पक्षी ओळखायला लागतो. अशा वेळी जो निमूट पाकीट काढतो, त्याला उदार म्हणायची घाई करू नये. पैसे मोजता मोजता त्याचा मनात भागाकार चाललेला असतो.

आमच्या एम.ए. पालीच्या वर्गात हा चौथा बी.कॉम. करून आला होता. वाणिज्य सोडून तो पालीकडे का वळला हे त्याने कधी सांगितलं नाही. फी परवडली असावी, असा आमचा तर्क. वय तेवीस, पण वागणं-बोलणं गुळाच्या अडत्याकडे चाळीस वर्षं नोकरी केल्यासारखं. म्हणून त्याचं नाव दिवाणजी पडलं आणि त्यालाही ते आवडलं.

दिवाणजीची ओळख म्हणजे त्याची वही. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वर ‘श्री’ घातलेली, दोऱ्याने पेन बांधलेली. खर्च वाटून देणारी ॲपं आम्ही त्याला दाखवून पाहिली होती. त्याचं म्हणणं, ॲप पैसे गोल करतं. “गोल झालेले पैसे जातात कुठं?” या प्रश्नाचं उत्तर आमच्यातल्या कुणाकडे नव्हतं, आणि मला वाटतं ॲपवाल्यांकडेही नसेल. आमच्या श्रीलंकेच्या सहलीत त्याच्या शर्टाला दोन खिसे. डावीकडे भारतीय रुपये, उजवीकडे श्रीलंकेचे. एका भारतीय रुपयाला तिकडचे साडेतीनच्या आसपास मिळत होते, त्यामुळे उजवा खिसा कायम फुगलेला. त्याकडे पाहून एकदा नगरचा मित्र म्हणाला, “श्रीमंत दिसतोस.” दिवाणजीने त्याला तिथल्या तिथे महागाई समजावून सांगितली.

पाली शिकवणाऱ्या मॅडम धरून आम्ही अकरा. अकरा हा भागाकाराला अत्यंत वाईट आकडा. दहा असते तर दिवाणजीचं तारुण्य सुखात गेलं असतं.

कोलंबोहून पोलोन्नरुवाला येताना गाडीत मॅडम धर्मानंद कोसंबींबद्दल सांगत होत्या. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बौद्ध धर्म समजून घ्यायचा म्हणून घर सोडून निघतो, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, नेपाळपर्यंत पायपीट करतो आणि 1902 साली कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकायला येऊन पोचतो. आम्ही भारावून ऐकत होतो. दिवाणजीने एकच प्रश्न विचारला, “मॅडम, वाटखर्च कुणी दिला?” आम्ही त्याच्यावर ओरडलो. मॅडम ओरडल्या नाहीत. “‘निवेदन’ वाच,” त्या म्हणाल्या, “वाटेत कुणाकुणाची कशी मदत झाली ते त्यांनी लिहून ठेवलंय.” दिवाणजीने ते नाव वहीच्या शेवटच्या पानावर टिपून घेतलं. त्याने विकत घ्यायचं ठरवलेलं हे बहुधा पहिलंच पुस्तक. अर्थात ते ग्रंथालयात मिळतं का, हेही शेजारी लिहिलेलं होतं.

पोलोन्नरुवा हे सायकलवरून पाहायचं गाव. राजवाड्यापासून उत्तरेच्या तिवंक प्रतिमागृहापर्यंत अवशेष काही किलोमीटरांत विखुरलेत, चढ नाही, रस्त्याला झाडांची सावली आहे आणि जवळपास प्रत्येक लॉजवर सायकली भाड्याने मिळतात. दिवाणजी घरूनच सिंहलीतला एक शब्द पाठ करून आला होता. “कीयद?” म्हणजे केवढ्याला? हा शब्द तो इतक्या अस्सल उच्चारात टाकायचा की समोरचा खुलून अस्खलित सिंहलीत उत्तर द्यायचा आणि दिवाणजीचं भांडवल तिथेच संपायचं. मग कॅल्क्युलेटर या हातातून त्या हातात. अर्ध्या तासाच्या घासाघिशीनंतर दहा सायकलींच्या भाड्यात अकरा मिळाल्या. अकरावीला ब्रेक नव्हता, हे गल्लीच्या उतारावर कळलं. ती कुणी घ्यायची यावर चिठ्ठ्या टाकायचं चाललं होतं, तोवर मॅडम तिच्यावर बसून पुढे निघूनही गेल्या. त्या सदाशिव पेठेत वाढलेल्या, पुणं सायकलींचं शहर होतं त्या काळात लकडी पुलावरच्या गर्दीतून कॉलेजला गेलेल्या. आम्ही सगळी ॲक्टिव्हावर पोसलेली पिढी. पहिल्या वळणावर आमच्यातले तिघं एकमेकांच्या कॅरियरमध्ये अडकले.

तिकिटं तलावाकाठच्या संग्रहालयात मिळतात. सार्क देशांच्या पाहुण्यांना ती निम्म्या दरात, पासपोर्ट दाखवला तर. हे कळल्यापासून दिवाणजीने सगळ्यांचे पासपोर्ट आपल्या कमरेच्या पट्ट्यात ठेवले होते. सार्क या संघटनेबद्दल मनापासून आदराने बोलणारा मला माहीत असलेला हा एकमेव माणूस.

तिथेच तलावाकाठी निःशंकमल्ल राजाचं सभागृह आहे. छप्पर गेलंय, खांब उभे आहेत, टोकाला सिंहासनाचा दगडी सिंह. कुणी कुठं बसायचं ते खांबांवर कोरलेलं आहे. युवराज इथे, सेनापती तिथे, व्यापाऱ्यांचे पुढारी पलीकडे. मॅडमनी ‘एपिग्राफिया झेलॅनिका’तल्या पानांच्या झेरॉक्स आणल्या होत्या, त्यातून त्या एकेक जागा वाचून दाखवत होत्या. दप्तर सांभाळणाऱ्या कायस्थांनाही एक खांब आहे असं कळताच दिवाणजी तिकडे गेला आणि त्या खांबाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला. फोटो काढ म्हणाला नाही. नुसता उभा राहिला.

राजवाड्याबद्दल फार लिहीत नाही. सात मजले आणि हजार खोल्या होत्या असं चूलवंस ही पाली बखर सांगते. आज उरल्यात जाड विटांच्या भिंती आणि तुळया शिरायच्या ती भोकं. साताऱ्याच्या मैत्रिणीने डोळे मिटून हजार दिवे पाहिले. दिवाणजीने हजार खोल्या झाडायला माणसं किती लागतील ते काढलं. पलीकडच्या दरबाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलीय, एकाची ऐट दुसऱ्यासारखी नाही. तिथे मात्र तोही थांबला.

चौकात, म्हणजे दळदा मळुव्यात शिरायचं तर चपला आणि टोप्या बाहेर काढाव्या लागतात. अकराच्या उन्हात तिथला दगड तव्यासारखा तापतो. दिवाणजीने पुण्याहून निघतानाच तुळशीबागेतून घाऊक भावात मोजे आणले होते, सगळे एकाच अबोली रंगाचे. “प्रत्येकी किती ते लॉजवर सांगतो,” म्हणत त्याने वाटले. वटदागेच्या त्या देखण्या गोल मंदिरात, अर्धचंद्रशिळेवरून, द्वारपालांच्या मधून आम्ही अकरा जण अबोली पावलांनी चढलो. एका युरोपियन आजोबांनी आमचा फोटो काढला. त्यांना आम्ही एखादा संप्रदाय वाटलो असू.

शेजारी हटदागे. हे मंदिर साठ तासांत उभारलं अशी एक दंतकथा आहे. बाकीचे “वाहवा” म्हणाले. दिवाणजी म्हणाला, “रात्रपाळीचे वेगळे दिले असतील का?”

आणि मग गलपोत. दगडी पोथी. आठ मीटरच्या वर लांब, सुमारे पंचवीस टनांची आडवी शिळा, ताडपत्रासारखी कडा काढलेली, अंगावर बाराव्या शतकातल्या सिंहली अक्षरांची दाटी. ही शिळा मिहिंतलेहून, म्हणजे शंभरेक किलोमीटरवरून आणली, हेही शिळेवरच कोरून ठेवलंय. निःशंकमल्लाने राज्य केलं 1187 ते 1196, जेमतेम नऊ वर्षं, पण आपण काय काय दिलं हे त्याने दिसेल त्या दगडावर लिहवून घेतलं. पाच वर्षं कर माफ केला. दर वर्षी तराजूत बसून तुला केली. इतकं दान, इतक्या धर्मशाळा, इतकी तळी. मॅडम वाचत होत्या आणि एकेक जण सावलीकडे सरकत होता. पालीच्या पोरांना राजाची बढाई ऐकायची सवय असते, त्यात रस नसतो. दिवाणजी शिळेपाशीच उकिडवा बसला.

“मॅडम, ही नावेची बाजू झाली. जमा कुठं लिहिलंय?”

“म्हणजे?”

“कर पाच वर्षं माफ, वर तुला, वर दान. मग आलं कुठून?”

मॅडमनी झेरॉक्स खाली ठेवली. “त्याच्या आधी पराक्रमबाहूने तेहतीस वर्षं बांधकामं केली, लढाया केल्या. तिजोरी बरीच खाली झाली होती असं म्हणतात. आणि निःशंकमल्लानंतर वीस वर्षांच्या आत राज्य कोसळलं. 1215मध्ये माघ चालून आला.”

“तेच म्हणतोय,” दिवाणजी म्हणाला. निःशंकमल्लावरून त्याचं मन कायमचं उडालं. त्यानंतर रानकोत विहाराचा उंच स्तूप पाहिला, तोही त्याच राजाचा. दिवाणजीने त्याच्याकडे उधारी बुडवलेल्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसं बघितलं.

इथे मला थोडं मागं जायला हवं. आदल्या वर्षी वर्गाची सहल नाशकाला पांडवलेण्यांत गेली होती. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने 3000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले: 2000 एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने, आणि 1000 दुसरीकडे, पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण. आम्ही सगळे प्राकृत विभक्त्यांत गुंतलो होतो. दिवाणजी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता, आणि एकदम ओरडला, “जुळतंय!” दोन हजाराचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. “एकोणीसशे वर्षं झाली, पैचा फरक नाही!” लेण्यातला पहारेकरी धावत आला. तोपर्यंत मीही तो लेख चारदा वाचला होता, पण तो गुणाकार करून पाहावा असं मला सुचलं नव्हतं, वर्गात कुणालाच नाही. कार्ल्याला चैत्यगृहाच्या अनेक खांबांवर वेगवेगळ्या दात्यांची नावं आहेत, धेनुकाकटच्या यवनांचीसुद्धा. आम्ही त्याला श्रद्धा म्हणतो. दिवाणजी त्याला वर्गणी म्हणतो. कोरणाऱ्यांच्या डोक्यात यांतलं काय होतं असं मला विचाराल, तर मी दिवाणजीच्या बाजूने हात वर करीन. लेण्यांतल्या भिंतींवर कवितेपेक्षा हिशेबच जास्त आहे.

पोलोन्नरुवात त्या दिवशीचं जेवण भात-करीचं. मोठ्या ताटात भात, भोवती फणसाची भाजी, डाळ, भोपळा, पोल संबोल म्हणजे तिखट ओलं खोबरं, वर पापड. हवं तितकं वाढतात, पैसे तेवढेच. नगरच्या मित्राने चारदा घेतलं आणि दिवाणजीला भरून आलं. “बघा, हा एकटाच वसूल करतोय, शिका.” मासे खाणारे चार, न खाणारे सात, असे दोन रकाने वहीत आधीच आखलेले होते. एका न खाणाऱ्याने खाणाऱ्याच्या ताटातला माशाचा रस्सा भातावर घेतला, तेव्हा वाद उपस्थित झाला. रस्सा मासा धरायचा की नाही? मॅडमनी विनयातला एखादा नियम काढावा अशी विनंती झाली. त्या दही खात होत्या. म्हशीचं घट्ट दही, वर कित्तुळाच्या ताडाचा पाक. त्यांनी हातानेच “मला यात ओढू नका” केलं. दह्याचं मातीचं मडकं परत द्यायचं असतं का, हे दिवाणजीने दोनदा विचारून घेतलं.

दुपारी झाडाखाली माकडांनी गाठलं. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेली ही तिथली खास माकडं. अभ्यासक 1968पासून त्यांच्या पिढ्या मोजतायत म्हणे. त्यांतलं एक खाली उतरलं, सायकलच्या टोपलीतून बिस्किटांचा अख्खा पुडा घेतला आणि तटावर बसून शांतपणे सोलून खाल्ला. दिवाणजी ओरडला नाही, धावला नाही. वही उघडली आणि लिहिलं, “माकड, पुडा 1.”

गल विहार. एका सलग ग्रॅनाइटच्या कड्यात चार मूर्ती: ध्यानस्थ बुद्ध, गुहेतला छोटा बुद्ध, हाताची घडी घालून उभी असलेली सात मीटरची मूर्ती आणि चौदा मीटरचा परिनिर्वाणातला बुद्ध. डोक्याखालची उशी दगडाची, पण डोक्याच्या भाराने दबलीय. एक पाऊल दुसऱ्यापासून किंचित मागे सरकलंय. विश्रांती नव्हे, देह सुटलाय, ते त्यावरून ओळखायचं. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातला परिनिर्वाणाचा बुद्ध सात मीटरचा, हा दुप्पट, एवढंच कुणीतरी कुजबुजलं. इतक्यात शिट्टी वाजली. साताऱ्याच्या मैत्रिणीने सेल्फीसाठी मूर्तीकडे पाठ केली होती, तिकडे ते चालत नाही. पहारेकरी समजावून सांगायला आला. दिवाणजी मध्ये पडला, पाकिटावर हात ठेवून, “दंड कीयद?” पहारेकऱ्याला हसू आवरेना. दंड नव्हता. दिवाणजीला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं चुकल्यासारखंही. एवढ्या मोठ्या देशात इतकं फुकट कसं?

तिथल्या कड्यावर मूर्तींच्या मधल्या भागात एक लांबलचक लेखही आहे. पराक्रमबाहूने भांडणारे भिक्षुसंघ एकत्र आणले आणि त्यांनी कसं वागायचं याचे नियम कोरवून घेतले. सगळे मूर्तींचे फोटो काढतात, लेखाचा कुणी काढत नाही. दिवाणजीने काढला. “इथे बढाई नाही,” तो म्हणाला. “नियम आहेत.”

परतीच्या वाटेवर माझ्या सायकलची साखळी तुटली. रस्त्याकडेच्या दुकानात एका म्हाताऱ्याने कडी जोडली, तेल घातलं, चाक फिरवून पाहिलं. “कीयद?” म्हाताऱ्याने हात हलवला. पुन्हा “कीयद?” पुन्हा हात. दिवाणजीने नोट पुढे केली, ती म्हाताऱ्याने त्याच्याच खिशात घडी करून ठेवली, तीही डाव्या खिशात, भारतीय रुपयांच्या. खिसे चुकल्याने दिवाणजीचा जीव वरखाली झाला. वहीत नोंद काय करायची हे त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी लिहिलं, “साखळी, 0.”

संध्याकाळी गावाच्या दक्षिणेला पोथगुल विहाराकडे गेलो. बांधाच्या बाजूला कातळात कोरलेला, माणसाच्या दुप्पट उंचीचा दाढीवाला पुरुष, बहुतेकांच्या मते पराक्रमबाहू. दोन्ही हातांत त्याने काहीतरी आडवं धरलंय. कुणी म्हणतं ताडपत्राची पोथी, कुणी म्हणतं राज्याचं जू, तर कुणी चेष्टेने पपईची फोड. समोर पराक्रम समुद्र पसरलेला, सुमारे चौदा किलोमीटरचा बांध. पावसाचा एक थेंबही लोकांच्या कामी आल्याशिवाय समुद्राला मिळू द्यायचा नाही, हे त्याच राजाचं धोरण चूलवंसात सांगितलंय. मॅडमनी ते सांगितल्यावर दिवाणजीने मूर्तीकडे, तिच्या हातातल्या त्या लांबट वस्तूकडे आणि स्वतःच्या वहीकडे आळीपाळीने पाहिलं.

“पोथी नाही ती,” तो म्हणाला. “रोजमेळ आहे.”

कुणी वाद घातला नाही. पपईपेक्षा हे बरंच पटण्यासारखं होतं.

रात्री लॉजच्या ओसरीवर हिशेब बसला. मोजे, सायकली, मासे, रस्सा (खाणाऱ्यांच्या रकान्यात, दोन विरुद्ध आठ मतांनी, मॅडम तटस्थ), माकड (सामायिक खर्च). तेरीज झाली, रोकड मोजली, आणि दिवाणजीचा चेहरा उतरला. कमी पडले असतील म्हणून आम्ही खिशात हात घातले. कमी नव्हते. तीनशे चाळीस रुपये जास्त होते.

तुटीचं दुःख आपल्याला कळतं. जास्तीचं दुःख फक्त खऱ्या हिशेबनीसाला कळतं. तूट भरून काढता येते. जास्ती म्हणजे कुणीतरी कुठेतरी दिले आणि त्याचं नाव लागलं नाही. त्याने दोन्ही खिसे उलटे केले. पासपोर्टची पानं झटकली. अकरा वाजता मुलांची खोली उठवली, साडेअकराला मुलींच्या दारावर टकटक केली. “खरं सांगा, कुणी दिले?” मॅडम चष्मा लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “अरे, विहाराच्या दानपेटीत टाक आणि झोप.”

“दान कुणाच्या नावे टाकू?” दिवाणजी म्हणाला. “कार्ल्याला तर खांबावरसुद्धा दात्याचं नाव कोरलंय.”

मॅडम काही न बोलता आत गेल्या. आत गेल्यावर त्यांना हसू फुटलेलं बाहेरपर्यंत ऐकू आलं. वहीत ती रक्कम ‘अनामत’ म्हणून पुढे ओढली गेली. सकाळी कँडीच्या बसमध्ये माझा नुकता डोळा लागत होता, तोच पुढच्या सीटवरून दिवाणजीचं डोकं वळलं.

“काल गल विहाराजवळ शहाळ्याचे तू दिलेस का रे? दिले असशील तर सांग, मी रागावणार नाही.”